जालन्याची टीमच नाही, मग भांडण कशाचं?

आयपीएलच्या दहा संघांची नावं एका दमात म्हणा बरं. मुंबई, चेन्नई, बंगळुरू, कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, राजस्थान, पंजाब, गुजरात, लखनऊ. यात जालना कुठंय? नाहीच. मराठवाड्यातल्या एकाही गावाचं नाव नाही. महाराष्ट्राची स्वतःची प्रीमिअर लीग २०२३ साली सुरू झाली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला एक संघ आला. जालन्याच्या वाट्याला तोही नाही.

म्हणजे जालना जिल्ह्यातल्या पोरांनी आयपीएल कशी बघायला हवी? मांडी घालून, शांतपणे, दोन्ही बाजूंच्या चांगल्या फटक्याला टाळ्या देत. आणि बघतात कशी? जालना शहरात जा, नाहीतर परतूर, अंबड, भोकरदनला जा. एक गट मुंबईवाला, एक गट धोनीवाला. संभाजीनगर जिल्ह्यातलं कन्नड गाव सोडलं तर कन्नडशी ज्याचा कधी संबंध आला नाही, असा एखादा पोरगा छाती फुगवून बंगळुरूवाल्यांचं ‘ई साला कप नामदे’ (या वर्षी चषक आपलाच) ओरडतो. आणि मुंबई हरली, की मुंबईवाल्याच्या दारासमोर दुसऱ्या दिवशी सायकलच्या घंट्या जरा जास्तच वाजतात.

यातलं प्रेम मला थोडंफार कळतं. पण राग? चेन्नईच्या कुणी येऊन तुमच्या शेतातली मोसंबी तोडली का? मुंबईच्या कुणी तुमचा चेंडू गटारात घालवला का? मग ती जर्सी टीव्हीवर दिसली की कपाळाला आठी काहून पडते?

आधी हे बघू, की टीम आपल्याला चिकटते कशी. आठवून बघा, तुम्ही पहिल्यांदा मॅच नीट बघितली तेव्हा शेजारी कोण होतं? मोठा भाऊ, मामा, की गल्लीतला दादा? बहुतेकांची टीम तिथंच ठरून जाते. पॉइंट टेबल समोर ठेवून, विचार करकरून संघ निवडलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

कधी खेळाडूमुळे टीम चिकटते. जालन्याचा विजय झोल आठवतो का? तुम्ही तेव्हा जन्मलेही नसाल, पण घरी विचारा. २०११ साली १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात त्यानं महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. एकट्यानं! २०१४च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता आणि त्याच वर्षी बंगळुरूच्या आयपीएल संघात गेला. आता सांगा, जालन्याच्या माणसानं त्या वर्षी ‘आपली टीम’ कुणाला म्हणायचं? राज्याच्या राजधानीच्या संघाला, की ज्यात आपल्या गावचा पोरगा आहे त्या संघाला?

याहून मोठा घोळ २०१६ आणि २०१७ साली झाला. चेन्नईच्या संघावर दोन वर्षांची बंदी आली आणि धोनी चक्क पुण्याच्या संघात आला. धोनीवाल्यांची पंचाईत झाली. माणूस तोच, पण जर्सी पिवळी नाही, जांभळी. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, कारण २०१७च्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले पुणे आणि मुंबई. मुंबईनं केल्या १२९, पुण्यानं १२८. एका धावेनं चषक मुंबईला. पुढच्या वर्षी पुण्याचा संघ नाहीसाच झाला आणि धोनी परत चेन्नईला. त्या संघावर प्रेम करणाऱ्यांनी ते प्रेम कुठं ठेवलं असेल? काही जणांनी धोनीबरोबर चेन्नईला पाठवलं, काही जणांनी गुपचूप मुंबईला दिलं. म्हणजे प्रेम गावाशीही जोडता येतं, माणसाशीही आणि रंगाशीही. ते कुठल्याही खुंटीला टांगलं जातं.

आता कुस्ती घ्या. २०१८च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यातच झाली होती. शेवटच्या कुस्तीत एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूला बाला रफिक शेख, बुलढाण्याकडून उतरलेला. गदा बाला रफिकनं जिंकली. तुम्ही तिथं असता तर कुणाला ओरडून दाद दिली असती? बुलढाणा म्हणजे आपला शेजारी, सिंदखेडराजा तर जालन्याहून जवळच. पण थांबा. बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा! आता काय कराल? टाळ्या परत घ्याल?

नाही घेणार. आणि का नाही घेणार, याचं उत्तर शोधलं हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं. हा मूळचा पोलंडमधला ज्यू माणूस. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्याच्या घरच्यांना मारून टाकलं. माणसं ‘आपले’ आणि ‘ते’ अशी फाळणी कशी करतात, हा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागलेला होता.

पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यानं चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं गोळा केली. त्यांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, पॉल क्ले आणि कँडिन्स्की. मग एकेकाला सांगितलं, ‘तू क्ले गटातला’, ‘तू कँडिन्स्की गटातला’. मुलांना वाटलं, आपल्या आवडीवरून गट पडले. खरं म्हणजे गट चिठ्ठ्या काढल्यासारखे उगाच पाडलेले होते. गटात कोण कोण आहे हेही कुणाला माहीत नाही. बोलायचं नाही, खेळायचं नाही. फक्त दोन मुलांना गुण वाटून द्यायचे, त्या गुणांचे थोडे पैसे मिळणार. त्या मुलांची नावं नाहीत, नुसते नंबर आणि गट. स्वतःला काहीच मिळणार नाही.

तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि खरी गंमत पुढे आहे. वाटणीच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. समजा एका टोकाला आपल्या गटाला १९ आणि त्यांना २५. दुसऱ्या टोकाला आपल्या गटाला ७ आणि त्यांना १. शहाणा माणूस १९ घेईल ना? पण बऱ्याच मुलांचा कल ७ आणि १च्या बाजूला झुकला. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे! हे वाचून हसू आलं असेल, तर गेल्या रविवारी भावाशी आंब्याच्या फोडींवरून काय झालं ते आठवा.

म्हणजे आपलेपणाला फार मोठं कारण लागत नाही. एक रेघ ओढली तरी पुरते. आपल्या जालना जिल्ह्याचंच बघा. १ मे १९८१च्या आधी हा जिल्हाच नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. नकाशावर नवी रेघ आली आणि अंबडचा आणि परतूरचा माणूस एका जिल्ह्याचे झाले. आज जिल्हा संघ निवडताना परतूरच्या खेळाडूला कुणी ‘तू परभणीचा’ म्हणत नाही.

एकदा टीम ‘आपली’ झाली की ती आपल्या अंगात शिरते. अगदी शब्दशः. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलनं इटलीला हरवलं. अमेरिकेत तो सामना बघायला जमलेल्या दोन्हीकडच्या पुरुष चाहत्यांची थुंकी शास्त्रज्ञांनी सामन्याआधी आणि नंतर तपासली. (हो, थुंकी. विज्ञानात लाजून चालत नाही.) टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ब्राझीलवाल्यांच्या शरीरात वाढलं होतं आणि इटलीवाल्यांच्या शरीरात उतरलं होतं. पळाले खेळाडू, बदललं प्रेक्षकांचं शरीर!

रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७६ साली आणखी एक खोडकर गोष्ट मांडली. कॉलेजचा संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी कॉलेजचं नाव छापलेले कपडे घालून येणाऱ्या मुलांची संख्या वाढायची. शिवाय जिंकल्यावर मुलं म्हणायची ‘आपण जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’. तुमच्या वर्गात हे तपासायला पैसाही लागत नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी कान उघडे ठेवा आणि वहीत रेघा मारा.

पण रागाचं काय? त्यासाठी अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानावर जायला हवं. आपल्या शालेय स्पर्धांतही बेसबॉल असतो, त्यामुळे काहींनी तो बघितला असेल. चेंडू टप्पा न पाडता थेट फेकायचा, फलंदाजानं गोल बॅटनं तो भिरकावायचा आणि कोपऱ्यांवरचे टप्पे गाठत चौकटीला पूर्ण फेरी मारून घरी परत यायचं. तिकडे बॉस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज, या दोन संघांचं वैर शंभर वर्षांहून जुनं. दोन शहरांत अंतर किती? जालना ते मुंबई आहे, त्याहून थोडं कमीच. १९१९ संपता संपता बॉस्टननं बेब रूथ नावाचा आपला खेळाडू न्यूयॉर्कला विकला. पुढे तो अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला बेसबॉलपटू झाला. न्यूयॉर्क चषकांवर चषक जिंकत सुटलं आणि १९१८ साली जिंकलेल्या बॉस्टनला पुढचा चषक मिळायला २००४ उजाडलं. ८६ वर्षं! इतक्या वर्षांत आजोबांचा राग नातवापर्यंत आपोआप पोचतो. वाडी-शेताबरोबर तोही वारशात येतो म्हणा ना.

मीना सिकारा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी या दोन संघांच्या कट्टर चाहत्यांना मेंदूचा स्कॅन करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि आत त्यांना खेळातले प्रसंग दाखवले. २०११ साली त्यांचा अभ्यास छापून आला. आपला संघ चुकला की मेंदूतले दुःख-वेदनेशी जोडलेले भाग जागे व्हायचे. आपला संघ जिंकला की आत खोलवर असलेला, बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग उजळायचा. इथवर ठीक. पण हाच बक्षिसाचा भाग विरोधी संघ आपटला तेव्हाही उजळायचा. आणि तो विरोधी संघ आपल्याकडून नाही, भलत्याच तिसऱ्या संघाकडून हरला तरीही! आपल्याला धाव नाही, गुण नाही, काही नाही, तरी मेंदू आत पेढे वाटतोय.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, चेन्नई आणि पंजाबची मॅच मुंबईवाला पोरगा शेवटच्या चेंडूपर्यंत डोळे ताणून का बघतो.

याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला जरा टोचते. हा भाग ज्यांच्या मेंदूत जास्त उजळला, त्यांनीच विरोधी संघाच्या चाहत्याला त्रास द्यायची, मारायचीसुद्धा तयारी जास्त असल्याचं प्रश्नावलीत लिहिलं होतं. सायकलची घंटी आणि दगड यांच्यात अंतर असतं, पण रस्ता एकच असू शकतो.

आणखी एक. राग कुणाचा येतो बघा. सदा तळाला असलेल्या संघाचा कुणाला राग येत नाही. त्याची दया येते. राग येतो तो वरचढाचा. न्यूयॉर्कच्या यांकीजकडे २७ अजिंक्यपदं आहेत आणि त्यांना शिव्या देणारेही अमेरिकाभर आहेत. आपल्याकडे मुंबई आणि चेन्नई यांच्याकडे पाच-पाच चषक. मग सगळ्यात जास्त चाहते कुणाचे आणि सगळ्यात जास्त चिडवणारे कुणावर टपलेले, हे मी सांगायची गरज आहे का?

पंचाला शिव्या पडतात त्याचंही एक शास्त्र आहे. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांत तिकडच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा एक फार धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. नंतर दोन्ही कॉलेजांच्या मुलांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवून चुका मोजायला सांगितल्या. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेल्या जितक्या चुका डार्टमथच्या मुलांना दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना दिसतच तसं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवायच ठाऊक होती.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. १९५४च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या डोंगराळ जंगलात मुलांचं शिबिर भरवलं. साधारण अकरा वर्षांची २२ मुलं, एकमेकांना अजिबात न ओळखणारी. दोन गट दोन वेगळ्या बसनं आणले, वेगळे ठेवले. जंगलात दुसरा गट आहे हे पहिले काही दिवस कुणाला कळलंही नाही. एका गटानं स्वतःचं नाव ठेवलं रॅटलर्स, म्हणजे खुळखुळ्या शेपटीचे विषारी साप. दुसऱ्यानं ठेवलं ईगल्स, म्हणजे गरुड. मग दोघांना समोरासमोर आणलं आणि सामने लावले. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणं. विजेत्यांना चषक, पदकं आणि खिशातले चाकू.

काय झालं असेल? गरुडांनी सापांचा झेंडा जाळला. सापांनी रात्री गरुडांच्या खोल्यांवर धाड घातली. एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी. एकत्र सिनेमा दाखवला तरी तेच. ही मुलं वाईट नव्हती हं. शरीफनं मुद्दाम चांगली, शहाणी, सुखी घरातली मुलंच निवडली होती.

मग त्यानं पाण्याची टाकी बंद पाडली. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी नाही. दुष्काळ बघितलेल्या जालन्याच्या मुलांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दोन्ही गटांनी मिळून बिघाड शोधला. नंतर एकदा सामान आणणारा ट्रक ‘बंद पडला’. तो ओढायला मुलांनी काय आणलं? तोच रस्सीखेचीचा दोर! या वेळी साप आणि गरुड एकाच बाजूला ओढत होते. असं काही वेळा घडल्यावर परतीला मुलांनी एकाच बसनं जायचा हट्ट धरला आणि वाटेत सापांनी बक्षिसाचे पाच डॉलर खर्चून सगळ्यांना दुधाचं पेय पाजलं.

हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. मुलांना न सांगता त्यांच्यात भांडण लावणं हे काही चांगलं काम नाही. शिवाय शरीफचा याआधीचा, १९५३चा प्रयोग फसला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या वेळी त्यानं सगळ्या मुलांना आधी एकत्र राहू दिलं, त्यांची दोस्ती झाली, आणि मग गट पाडले. भांडण लावायचे सगळे डाव टाकून झाले, पण पोरं काही भांडेनात. उलट त्यांना मोठ्यांचाच संशय यायला लागला! मला विचाराल तर गाजलेल्या प्रयोगापेक्षा हा फसलेलाच जास्त भारी.

आपला आणि परका यांच्यातली रेघ किती झटकन सरकते, हे आपण २०२४ साली घरबसल्या पाहिलं. मुंबईनं रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं आणि १ एप्रिलला वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. २९ जूनला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक याच हार्दिकनं टाकलं, भारत सात धावांनी जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. मैदान तेच, माणूस तोच. फक्त मधल्या काळात रेघ मुंबईभोवतीची निघून भारताभोवती आली होती.

अशी रेघ तुमच्याही भोवती दर वर्षी सरकते. तालुक्याच्या कबड्डीत शेजारच्या शाळेची चढाई करणारी पोरगी तुम्हाला नको नको होते. मग ती जिल्हा संघात निवडली जाते, विभागाच्या स्पर्धेला जाते, आणि तुम्हीच घसा फोडून तिच्या नावानं ओरडता.

इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन या मानसशास्त्रज्ञानं मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस मुद्दाम पडेल, अशी व्यवस्था केली होती. त्याच्या अंगात मँचेस्टरची जर्सी असली की लोक मदतीला धावत. कट्टर शत्रू लिव्हरपूलची असली की बरेच जण पुढे निघून जात. मग पुढच्या खेपेला चाहत्यांना आधी सांगितलं, की आमचा अभ्यास फुटबॉलप्रेमींविषयी आहे. झालं! आता लिव्हरपूलच्या जर्सीतलाही ‘आपला’ झाला, त्यालाही हात मिळाला. बिचारा साध्या शर्टातला माणूस मात्र बहुतेक वेळा पडूनच राहिला.

शरीफच्या शिबिरातला एक छोटा खेळ मी मागे ठेवला होता, तो तुम्ही करून बघा. त्यानं मुलांना जमिनीवर विखुरलेले घेवड्याचे दाणे एका मिनिटात वेचायला लावले. मग ‘हे अमक्यानं वेचलेले’ असं सांगत पडद्यावर एकेकाच्या दाण्यांचं चित्र क्षणभर दाखवलं आणि आकडा विचारला. आपल्या गटातल्या मुलाचे दाणे मुलांना जास्त वाटले, दुसऱ्या गटातल्याचे कमी. प्रत्यक्षात दर वेळी चित्रात ३५च दाणे होते.

तुम्ही हरभरे घ्या. ताटात ३५ पसरून मोबाईलनं दोन-तीन वेगवेगळे फोटो काढा, मांडणी बदलून. वर्गातल्या मुंबईवाल्यांना आणि चेन्नईवाल्यांना एकेक फोटो क्षणभर दाखवा. एकदा सांगा, हे मुंबईच्या पोरानं वेचले. एकदा सांगा, चेन्नईच्या. उत्तरं कागदावर लिहून घ्या, तोंडी नको, नाहीतर एकाचं ऐकून दुसरा बोलतो. आणि शेवटी खरा आकडा सांगायला विसरू नका, म्हणजे पुन्हा मोजायला ताटाभोवती सगळेच गोळा होतील.